कार्बन कर गेला, मग किराणा का उतरला नाही?

कॅनडातील ब्रॅम्प्टन येथून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात :

“कार्बन करामुळे शेतकरी भरडला जातो आणि म्हणून भाजीपाला महाग होतो, असे आम्ही इथे कित्येक वर्षे ऐकत होतो. १ एप्रिल २०२५ पासून तो कर बंद झाला. गाडीचे पेट्रोल लगेच उतरले, पण किराण्याचे बिल उतरण्याऐवजी वाढतच गेले, आणि दर तीन महिन्यांनी खात्यात येणारा परतावाही थांबला. मग आम्हाला जे सांगितले गेले ते खोटे होते का? दुसरी चिंता माहेरची आहे. माझे थोरले भाऊ निफाड तालुक्यात ऊस आणि कांदा करतात. ‘भारतातही कार्बन कर येतोय, युरियाचे पोते हजारावर जाणार’ असा मजकूर त्यांना मोबाईलवर आला आहे, आणि त्याच सुमारास एका कंपनीचा प्रतिनिधी कार्बन क्रेडिटचा करार घेऊन घरी येऊन गेला. दादा मला विचारतात, कारण मी ‘तिकडे’ राहते. मी त्यांना काय सांगू?”

आपल्याला जी दोन विधाने एका दमात ऐकवली गेली, ती दोन्ही एकाच पैशाबाबत पूर्णपणे खरी असू शकत नाहीत, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. कराचा एखादा डॉलर शेतकऱ्याने स्वतःच्या नफ्यातून सोसला असेल, तर तो आपल्या बिलात आलेला नाही. आणि तो बिलात आला असेल, तर शेतकऱ्याने तो वसूल केलेला आहे. तेव्हा कोणत्याही देशातील कार्बन कराबद्दल पहिला प्रश्न असा विचारावा की त्या मालाचा भाव ठरवतो कोण. ज्याच्या हाती भाव ठरवणे आहे तो कर पुढे ढकलतो आणि ज्याच्या हाती नाही तो गिळतो.

आता कॅनडाचा कर नेमका काय होता ते पाहू, कारण राजकीय सभांमधून त्याचे तपशील बहुधा गळून पडत. २०१८ च्या संघीय कायद्यानुसार एप्रिल २०१९ पासून, ज्या प्रांतांकडे स्वतःची पुरेशी व्यवस्था नव्हती तिथे इंधनावर शुल्क लागू झाले. ब्रिटिश कोलंबियाचा स्वतःचा कर २००८ पासून होता आणि क्विबेकचा उत्सर्जन परवान्यांचा बाजार २०१३ पासून. संघीय दर कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २० डॉलरपासून सुरू होऊन एप्रिल २०२४ मध्ये ८० डॉलरवर पोहोचला. पण शेतीच्या कामासाठी वापरले जाणारे पेट्रोल आणि रंग घातलेले डिझेल यांना या शुल्कातून पहिल्या दिवसापासून सूट होती. म्हणजे शेतातल्या ट्रॅक्टरने, पेरणी यंत्राने किंवा कापणीच्या कंबाइनने जाळलेल्या इंधनावर हा कर नव्हताच. हरितगृहांना नैसर्गिक वायू आणि प्रोपेनवर ८० टक्के सवलत होती. गाई-म्हशींच्या रवंथातून निघणाऱ्या मिथेनवर किंवा शेतात टाकलेल्या नत्रखतातून उडणाऱ्या वायूवरही कॅनडाने कर लावला नव्हता. (तसा थेट कर जनावरांवर लावण्याचा निर्णय डेन्मार्कने घेतला आहे आणि तो २०३० पासून अमलात यायचा आहे, न्यूझीलंडने असाच विचार बरीच वर्षे केला आणि २०२४ मध्ये तो सोडून दिला.)

मग शेतकरी ओरडत होते ते उगाच का? नाही, आणि ही बाजू शहरातल्या पर्यावरणप्रेमी मंडळींनी कधी नीट ऐकून घेतली नाही, असे माझे मत आहे. सूट नव्हती ती धान्य वाळवण्यासाठी आणि कोंबड्या-डुकरांचे गोठे उबदार ठेवण्यासाठी लागणाऱ्या प्रोपेन आणि नैसर्गिक वायूला. ऑन्टारियोत मका ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतो, तेव्हा दाण्यात इतकी ओल असते की तसाच कोठारात भरला तर तो तापतो आणि बुरशी धरतो. त्यामुळे ओल पंधरा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत तो गरम हवेने वाळवावाच लागतो. आपल्याकडे खळ्यावर पसरून उन्हात वाळवता येतो तसा तो तिथे वाळत नाही, कारण तोवर थंडी आणि पाऊस येऊन ठेपलेले असतात. एक टन मका वाळवायला ओलीनुसार साधारण वीस-पंचवीस लिटर प्रोपेन लागतो असे धरले, तर ८० डॉलरच्या दराने लिटरमागे १२.३८ सेंट या हिशेबाने टनाला अडीच ते तीन डॉलर कर पडत असे. हजार टन मका काढणाऱ्या शेतकऱ्याला हे अडीच-तीन हजार डॉलर होत. रक्कम जीवघेणी नाही, पण ती टाळण्याचा मार्ग त्याच्याकडे नव्हता. लाकूड किंवा विजेवर चालणारी मोठी वाळवणयंत्रे अजून सर्रास मिळत नाहीत, आणि पाऊस लांबलेल्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षी आधीच नुकसान असते, त्याच वर्षी कर अधिक. कार्बन कराचा हेतू माणसाने स्वच्छ पर्यायाकडे वळावे हा असतो. जिथे वळायला वाटच नाही तिथे तो निव्वळ दंड उरतो.

शिवाय हा खर्च शेतकऱ्याला मालाच्या भावात घालता येत नव्हता. मक्याचा भाव शिकागोच्या वायदेबाजारातून ठरतो, आणि अमेरिकेतल्या आयोवा किंवा इलिनॉयच्या शेतकऱ्याला असा कर नव्हता. ऑन्टारियोचा शेतकरी ‘मला वाळवण महाग पडले’ म्हणून दोन डॉलर जास्त मागू लागला, तर घेणारा दुसरीकडून घेतो. सरकारने यावर २०२१ पासून शेतकऱ्यांसाठी कर-परतावा सुरू केला, पण तो जाळलेल्या वायूच्या प्रमाणात नव्हता, शेतीच्या एकूण खर्चाच्या प्रमाणात होता. २०२३ साठी तो हजार डॉलर खर्चामागे १ डॉलर ८६ सेंट असा होता. पाच लाख डॉलर वार्षिक खर्च असलेल्या शेतकऱ्याला यातून ९३० डॉलर मिळत. ज्याच्याकडे वाळवणयंत्र नाही त्याला हे आयतेच, आणि मोठे वाळवणयंत्र असणाऱ्याला अपुरे. धान्य वाळवण आणि गोठे यांनाही सूट द्यावी असे ‘सी-२३४’ नावाचे विधेयक कनिष्ठ सभागृहाने २०२३ मध्ये मंजूर केले, सिनेटने त्यात काटछाट केली, आणि पुढे निवडणुका लागून ते बारगळले. मला विचाराल तर ती सूट आरंभीच द्यायला हवी होती. ती न दिल्याने थोड्या पैशापायी सगळ्या धोरणाचीच पत गेली.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे येऊ. ऑन्टारियोतल्या टोमॅटो आणि काकड्यांचा मोठा वाटा लेमिंग्टन भागातल्या हरितगृहांतून येतो. तिथून ब्रॅम्प्टनपर्यंतचे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. माल वाहणारा मोठा ट्रक शंभर किलोमीटरला चाळीस लिटर डिझेल घेतो असे धरले, जाण्यायेण्याचा दोन्ही बाजूंचा खर्च धरला आणि लिटरमागे २१.३९ सेंट कर लावला, तरी एका फेरीचा कर साठ डॉलरच्या घरात जातो. ट्रकमध्ये अठरा-वीस टन माल असतो. म्हणजे किलोमागे सेंटचा जेमतेम एक तृतीयांश भाग. यात हरितगृहाच्या वायूवरचा उरलेला २० टक्के कर, शीतगृह आणि दुकान गरम ठेवण्याचा खर्च मिळवला तरी किलोमागची रक्कम काही सेंटच्या पलीकडे जाणे अवघड आहे. बँक ऑफ कॅनडाचे गव्हर्नर टिफ मॅकलम यांनी सांगितले होते की कराची दरवर्षीची वाढ एकूण महागाईत साधारण ०.१५ टक्का बिंदूची भर घालते, आणि कर पूर्ण काढला तर महागाई एकदाच ०.६ बिंदूंनी उतरेल. त्या ०.६ मध्येही मोठा भाग पेट्रोल आणि घर तापवण्याच्या वायूचा होता, किराण्याचा नव्हता.

पुढे घडलेही तसेच. पंतप्रधान झाल्याच्या दिवशी, १४ मार्च २०२५ रोजी मार्क कार्नी यांनी ग्राहकांवरचा कर शून्य करण्याच्या आदेशावर सही केली, आणि तो १ एप्रिलपासून लागू झाला. मार्चमध्ये २.३ टक्के असलेली एकूण महागाई एप्रिलमध्ये १.७ टक्क्यांवर आली. दुकानातून घेतलेल्या अन्नाची महागाई मात्र मार्चमधल्या ३.२ टक्क्यांवरून एप्रिलमध्ये ३.८ टक्क्यांवर चढली. अर्थात यावरून कराचा अन्नावर परिणाम शून्य होता असे सिद्ध होत नाही; तो इतका लहान होता की इतर कारणांच्या लाटेत दिसेनासा झाला, एवढेच सिद्ध होते. ती इतर कारणे आपण स्वतः दुकानात पाहिलीच असतील : गुरांचे कळप कित्येक दशकांत नव्हते इतके घटल्याने गोमांस महागले, कॉफी महागली, कॅनडाचा डॉलर दुबळा झाल्याने अमेरिकेतून येणारा भाजीपाला महागला, आणि त्याच मार्चमध्ये कॅनडाने अमेरिकी मालावर प्रतिशुल्कही लावले. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये किराण्याची महागाई ११.४ टक्क्यांवर गेली तेव्हा प्रेअरी, म्हणजे कॅनडाच्या पश्चिमेकडील धान्य पिकवणाऱ्या प्रांतांतला २०२१ चा दुष्काळ आणि युक्रेनचे युद्ध ही कारणे होती. दुष्काळाचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण अन्न महाग करण्यात हवामानाचा वाटा करापेक्षा पुष्कळ मोठा निघाला.

म्हणून आपल्याला सांगितले गेले ते धडधडीत खोटे नव्हते, पण प्रमाण फार फुगवलेले होते. आणि एक बाब तर या गदारोळात मागेच पडली : त्या करातून जमा होणाऱ्या पैशाचा बहुतांश भाग कुटुंबांना परत जात होता. ऑन्टारियोत चार जणांच्या कुटुंबाला शेवटच्या वर्षी तिमाहीला २८० डॉलर, म्हणजे वर्षाला १,१२० डॉलर मिळत, आणि शेवटचा हप्ता एप्रिल २०२५ मध्ये आला. आपल्या पेट्रोल आणि वायूच्या वर्षभराच्या बिलांतला कर त्याहून कमी असेल, तर कर रद्द झाल्याने आपण तोट्यात आला आहात. जुनी बिले काढून हा हिशेब अर्ध्या तासात करता येईल. महिन्याच्या अंदाजपत्रकासाठी तो करून ठेवावा, असे मी सुचवेन. मोठ्या कारखान्यांवरची कार्बन आकारणी कॅनडात अजून चालू आहे, आणि खतांचे कारखाने तिच्या कक्षेत येतात, हेही ध्यानात असू द्या. मात्र तिथे कारखान्याच्या सगळ्या धुरावर नव्हे, तर ठरवून दिलेल्या मापापेक्षा जास्त निघणाऱ्या धुरावरच पैसे पडतात.

दादांच्या प्रश्नाकडे वळतो. भारतात शेतकऱ्यावर थेट कार्बन कर नाही. पण कार्बनवर पैसे आकारण्याचा प्रकार आपल्याकडे अगदीच नवा आहे असेही नाही. जुलै २०१० पासून कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागला. तो वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला, आणि २०१७ मध्ये जीएसटीच्या भरपाई उपकरात मिसळला. विजेच्या एका युनिटला साधारण पाऊण किलोपेक्षा थोडा कमी कोळसा लागतो, म्हणजे ४०० रुपयांच्या दराने कोळशाच्या विजेवर युनिटमागे पंचवीस-तीस पैसे. इतकी वर्षे तो चालू होता आणि दादांच्या विहिरीवरच्या मोटारीला तो जाणवला नाही, कारण शेतीची वीज सवलतीची होती. आता तर महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल राज्य सरकार भरते. जाणवला असेल तर दूध शीतकरण केंद्राला, शीतगृहाला, पिठाच्या गिरणीला. सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकर काढून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के करण्यात आला. उपकर टनावर होता आणि जीएसटी किमतीवर आहे, त्यामुळे स्वस्त, म्हणजे बहुधा हलक्या प्रतीच्या देशी कोळशावरचा एकूण बोजा उलट कमी झाला. पर्यावरणाच्या दृष्टीने हे उलटेच झाले, पण तो वेगळा विषय.

२०२३ मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली, आणि मोबाईलवरच्या मजकुराचे मूळ बहुधा तिच्यात असावे. ती कर नाही. सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद अशा मोठ्या उद्योगांना उत्पादनाच्या प्रत्येक टनामागे किती उत्सर्जन चालेल याची मर्यादा घालून दिली जाते. जो कमी करतो त्याला क्रेडिट मिळते, जो जास्त करतो त्याला ते विकत घ्यावे लागते. या उद्योगांच्या नऊ क्षेत्रांच्या यादीत खत उद्योगही आहे, तेव्हा पुढेमागे युरियाच्या कारखान्याचा खर्च थोडा वाढणे शक्य आहे. पण युरियाचा किरकोळ भाव कारखाना ठरवत नाही, सरकार ठरवते. ४५ किलोच्या पोत्याची किंमत कडुनिंबाचे आवरण आणि कर धरून साधारण २६६ रुपये ५० पैसे आहे, खरा खर्च त्याच्या कित्येक पट आहे, आणि मधला सगळा फरक सरकारी तिजोरीतून जातो. युक्रेन युद्धाच्या वेळी आयातीत वायूचे भाव आभाळाला भिडले, तेव्हाही हे पोते तिथेच राहिले आणि अनुदानाचा आकडा फुगला. पोते हजारावर जायचे असेल तर ते सरकारने अनुदान काढल्यामुळे जाईल, कार्बन बाजारामुळे नव्हे. त्या मजकुरावर दादांनी झोप घालवू नये.

डिझेलची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे लिटरवर दहा रुपये कर असेल, तर तो टनाला सुमारे ३,७०० रुपये पडतो. केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट मिळून आपल्याकडे लिटरमागे दहापेक्षा बरेच अधिक रुपये जातात, आणि कॅनडासारखे शेतीसाठीचे रंगीत, करमुक्त डिझेल आपल्या ट्रॅक्टरवाल्याला मिळत नाही. नाव कार्बन कराचे नसले तरी नांगरट, रोटाव्हेटर आणि कांदा बाजार समितीत नेण्याचे भाडे यांत दादा तो रोज भरतात, आणि परतावा शून्य.

भाव कोण ठरवतो हा सुरुवातीचा प्रश्न दादांच्या दोन्ही पिकांना लावून पाहा. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर केंद्र सरकार ठरवते, २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. उत्पादन खर्च वाढला तर तो या दरात येतो, पण सावकाश. कांद्याचा भाव लासलगावच्या लिलावात ठरतो आणि त्यावर दिल्लीच्या निर्णयांची छाया असते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठून पुन्हा शुल्क, आणि शेवटी उरलेले २० टक्के शुल्क रद्द झाले ते १ एप्रिल २०२५ पासून, म्हणजे योगायोगाने कॅनडातला कार्बन कर ज्या दिवशी संपला त्याच दिवशी. या चढउतारांत क्विंटलमागे जे शेकडो रुपये गेले, त्यांच्यापुढे कोणतीही कल्पित कार्बन आकारणी किरकोळ ठरते. तालुक्यातले द्राक्ष बागायतदार युरोपच्या कार्बन सीमाशुल्काची धास्ती घेऊन बसले असतील, तर त्यांनाही सांगा की जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झालेले ते शुल्क पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज यांवर आहे. द्राक्ष, कांदा, बेदाणा त्यात नाहीत.

राहिला तो करार, आणि इथे मात्र सावध राहण्याची खरी गरज आहे. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवल्याचा किंवा जमिनीत-झाडात साठवल्याचा दाखला. उसाचे पाचट न जाळता सरीत कुजवणे, बांधावर बांबू लावणे अशा कामांसाठी कंपन्या शेतकऱ्यांना जोडून घेतात, मोजणी आणि प्रमाणीकरण करून घेतात आणि दाखले विकतात. व्यवहार बेकायदा नाही; केंद्रीय कृषी मंत्रालयाने २०२४ मध्ये शेतीतील ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडाही जाहीर केला आहे. पण इथेही भाव ठरवणारा शेतकरी नसतो. म्हणून दादांनी प्रतिनिधीकडून लेखी घ्यावे की एकरी दरवर्षी किती क्रेडिट अपेक्षित आहेत, मोजणीचा खर्च कोणाच्या वाट्यातून जाणार, विक्रीच्या रकमेतला किती हिस्सा शेतकऱ्याला आणि केव्हा, आणि दाखले विकलेच गेले नाहीत तर काय. ‘एकरी इतके हजार मिळतात’ हे तोंडी वाक्य हिशेबात धरू नये. दादा गेली काही वर्षे पाचट कुजवतच असतील तर हेही विचारावे की ते काम मोजले जाईल का, कारण क्रेडिट बहुधा नव्याने केलेल्या बदलाला मिळते, जुन्या चांगल्या सवयीला नाही. जो आधीपासून नीट वागला त्याला काही नाही, हा या बाजाराचा मला खटकणारा भाग आहे.

मुदतीचे कलम तर दोनदा वाचायला सांगा. मधल्या काळात ऊस मोडून द्राक्ष लावले, भावाभावांत वाटणी झाली, जमिनीचा तुकडा विकला किंवा एखाद्या वर्षी मजूर न मिळाल्याने पाचट पेटवावे लागले, तर दंड आहे का आणि तो कोणावर, हे करारात स्पष्ट हवे. करार मराठीत मागावा, सातबाऱ्यावर किंवा इतर हक्कांत कोणतीही नोंद होणार नाही हे त्यात लिहून घ्यावे, आणि सही करण्यापूर्वी तो जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि एखाद्या ओळखीच्या वकिलाला दाखवावा. प्रतिनिधी शेतकऱ्याकडूनच नोंदणी शुल्क मागत असेल, तर दादांनी बोलणे तिथेच थांबवावे. पाचट मात्र यंदाही जाळू नये. जमिनीत ओल टिकते आणि सेंद्रिय कर्ब वाढतो, तो फायदा कोणाच्याही करारावाचून त्यांचाच आहे.